वावडे, न सोसणे आणि तपासणीचा कागद

(श्रींच्या वर्धापनदिनोत्सवात अग्रशाळेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रींच्या वर्धापनदिनी या जागेवरून आजवर अनेक विद्वानांनी प्रवचने केली, नामवंत कीर्तनकारांनी आपल्याला तल्लीन केले. त्याच जागी माझ्यासारख्या सेवानिवृत्त कारकुनाने उभे राहावे आणि तेही अ‍ॅलर्जीच्या तपासण्यांसारखा रूक्ष विषय घेऊन, हे काहींना विचित्र वाटेल. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. परंतु हा विषय गेल्या वर्षी याच अग्रशाळेत, समाराधनेच्या पंगतीत उपस्थित झाला आणि आपल्यापैकी कित्येकांनी तो आपल्या डोळ्यांनी पाहिला. म्हणून त्याची हकीकत सांगण्याचा मला थोडाबहुत अधिकार आहे, असे मी समजतो.

माझी नऊ वर्षांची नात त्या दिवशी पंगतीत बसली नाही. ती बाहेरच्या ओसरीवर घरून आणलेला डबा उघडून बसली होती. डब्यात उकडलेला बटाटा आणि राजगिऱ्याची भाकरी होती. पानावर मणगणे वाढले जात होते आणि ती दारातून पाहत होती. कोणीतरी थोर मनाने तिच्यासाठी द्रोण नेला, तेव्हा तिच्या आईने तो परत पाठवला. त्यावरून मागाहून बरीच कुजबुज झाली. श्रींचा प्रसाद नाकारला, असेही म्हटले गेले. सुनेने तो उद्धटपणाने नाकारला नव्हता. तिच्यापाशी एक छापील कागद होता आणि त्या कागदावर तिचा विश्वास बसला होता.

गोष्ट अशी की मुलीच्या पोटात वारंवार कळ येई, पोट फुगे, कधी जुलाब होत. शहरातील एका प्रयोगशाळेत तिचे रक्त दिले गेले. आठवड्याने रंगीत अहवाल आला. दोनशे पदार्थांची यादी आणि त्यांतील ३७ पदार्थ तांबड्या रंगात. दूध, गहू, हरभरा, तूर, नारळ, हळद असे आपल्या स्वयंपाकघरातील जवळजवळ सर्व काही त्यात आले होते. नारळ वर्ज्य केल्यावर गोमंतकीय घरात काय शिजवावे हे एखाद्या अन्नपूर्णेनेच सांगावे! तरीही घरच्यांनी तो कागद शिरसावंद्य मानला. आणि इथेच आम्ही फसलो, कारण दूध बंद केल्यावर मुलीचे पोट खरोखरच दुखेनासे झाले. एक गोष्ट खरी ठरली म्हणून उरलेल्या छत्तीसही खऱ्या, असे आम्ही धरून चाललो. पाच महिन्यांत मुलीचे वजन तीन किलोंनी उतरले.

आता दुसरी हकीकत ऐका, कारण ती नेमकी याच्या उलट आहे. माझ्या धाकट्या भावाला सुंगटे खाल्ली की अंगावर गांधी उठत. घरात त्याला 'पित्त' म्हणत आणि आमसुलाचे पाणी अंगाला चोळले की काम भागले असे समजत. कोणी त्याला नखरेही म्हणे. पंधरा वर्षे हे असेच चालले. पुढे एका लग्नघरी दुसऱ्या दिवशीच्या जेवणात किसमूर होती. सुक्या सुंगटांची ती चिमूटभर चव त्याने घेतली आणि दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, आवाज बसला, डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो बसल्या जागी कोसळला. जवळच्या आरोग्य केंद्रातील तरुण डॉक्टरने मांडीत अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन दिले म्हणून आज तो आपल्यात बसला आहे. त्याची तपासणी कधी झालीच नव्हती. नातीची झाली ती नको ती झाली. एकाच घरातील ही दोन माणसे, आणि दोघांच्या बाबतीत आम्ही चुकलो.

मराठीत यासाठी 'वावडे' हा सुरेख शब्द आहे. पण आपण तो फार सैलपणे वापरतो. शास्त्रदृष्ट्या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत. वावडे म्हणजे अ‍ॅलर्जी. तिच्यात शरीराची संरक्षक यंत्रणा निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. अशा वेळी पदार्थाचा कणही पुरतो आणि प्रसंगी जीव जातो. दुसरी गोष्ट म्हणजे पदार्थ न सोसणे. येथे संरक्षक यंत्रणेचा संबंध नसतो. पदार्थ पचवण्याचे सामर्थ्य कमी पडते, त्रास होतो, पण बहुधा तो प्रमाणावर अवलंबून असतो आणि त्यात सहसा प्राणावर बेतत नाही. माझ्या भावाचे होते ते वावडे. नातीचे होते ते न सोसणे. या दोहोंच्या तपासण्या सर्वस्वी भिन्न आहेत.

या शास्त्राचा आरंभ समुद्रावर झाला, हे आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांना ऐकण्यासारखे आहे. १९०१ साली मोनाकोच्या राजपुत्र आल्बेर यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. निळ्या फुग्यासारखा तरंगणारा, खाली लांब दोऱ्या सोडलेला एक विषारी समुद्रजीव त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पोर्तुगीज भाषेत त्याला 'कारावेला पोर्तुगेझा' म्हणतात, आणि पावसाळ्याच्या दिवसांत तो आपल्याही किनाऱ्याला लागतो. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले. थोडे थोडे विष दिल्याने कुत्र्यांना त्याची सवय होईल अशी त्यांची अपेक्षा होती. घडले ते विपरीतच. काही आठवड्यांनी अगदी अल्प मात्रा दिल्याबरोबर धडधाकट कुत्रा काही मिनिटांत मेला. संरक्षणाच्या उलट म्हणून रिशे यांनी १९०२ मध्ये या प्रकाराला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' असे नाव दिले आणि १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये तयार केला.

त्यानंतरची एक कथा तर खास मत्स्याहारी मंडळींसाठीच आहे. तत्कालीन जर्मनीतील ब्रेस्लाउ येथे हाइन्त्स क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेल्या माशाचे वावडे होते. त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्स याला मासे निर्वेधपणे चालत. १९२१ साली प्राउस्निट्सने क्युस्टनरच्या रक्तातील निवळ आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी गांध उठली! म्हणजे हे वावडे मनाचे खेळ नसून रक्तात वाहणारा एखादा पदार्थ आहे, हे सिद्ध झाले. तो पदार्थ कोणता हे कळण्यास आणखी सुमारे पंचेचाळीस वर्षे लागली. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत, तसेच योहान्सन आणि बेनिक यांनी स्वीडनमध्ये, १९६६-६७ च्या सुमारास तो स्वतंत्रपणे शोधून काढला. १९६८ साली त्याला 'आयजीई' हे नाव मिळाले. आज वावड्याच्या ज्या दोन मुख्य तपासण्या होतात, त्या या आयजीईचाच माग काढतात.

पहिली तपासणी कातडीवरची. हाताच्या आतील बाजूस संशयित पदार्थांच्या अर्काचे थेंब ओळीने ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने कातडी किंचित टोचतात. रक्त येत नाही. एका जागी हिस्टामिनचा थेंब असतो, तो उठलाच पाहिजे. एका जागी साधे मिठाचे पाणी असते, ते उठता कामा नये. या दोन साक्षीदारांशिवाय तपासणीला अर्थ नाही. पंधरा-वीस मिनिटांनी गांध मोजतात. मिठाच्या पाण्यापेक्षा ती तीन मिलिमीटर किंवा अधिक मोठी असली तर होकारार्थी धरतात. सर्दी-खाजेच्या गोळ्या घेतल्या असतील तर कातडी गप्प बसते. म्हणून त्या काही दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्या लागतात. माझ्या भावाने हे सांगितले नाही आणि त्याची पहिली खेप वाया गेली. हिस्टामिनचा थेंबसुद्धा उठला नाही!

दुसरी तपासणी रक्ताची. विशिष्ट पदार्थाविरुद्धचे आयजीई रक्तात किती आहे, ते तीत मोजतात. ०.३५ हा आकडा पुष्कळ काळ सीमारेषा म्हणून वापरात आहे. कातडी खराब असेल, गोळ्या थांबवता येत नसतील किंवा टोचणे धोक्याचे वाटत असेल, तर ही उपयोगी पडते. नुसते 'एकूण आयजीई' मोजून मात्र कोणत्या पदार्थाचे वावडे आहे हे मुळीच कळत नाही. दमा, खरूज, पोटातील जंत, कशानेही ते वाढते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या दोन्ही तपासण्या होकारार्थी आल्या तरी त्याचा अर्थ 'वावडे आहे' असा होत नाही. मी आयुष्यभर कारकुनी केली, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. आवक नोंदवहीत अर्जाची नोंद झाली, म्हणजे प्रकरण निकाली निघाले असे नव्हे. नोंदीने एवढेच कळते की अर्ज आला आहे. तद्वत रक्तातील आयजीईमुळे एवढेच कळते की शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे. तो पदार्थ खाल्ल्यावर त्या माणसाला काही होते की नाही, हे त्याच्या खाण्याच्या इतिहासावरून ठरते. पुष्कळांच्या रक्तात शेंगदाण्याविरुद्ध आयजीई सापडते आणि ते मूठमूठ शेंगदाणे खाऊन सुखाने झोपतात.

याचे एक उदाहरण आपल्या दमट हवेतले आहे. आपल्या गाद्या-उशांत धुळीतला सूक्ष्म किडा राहतो आणि त्याच्यामुळे पुष्कळांना सर्दी-दमा होतो. सुंगटांतील वावडे उत्पन्न करणारे मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन आहे, हे १९९३ साली भारतीय शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या संशोधनातून निश्चित झाले. तशाच घडणीचे प्रथिन त्या धुळीच्या किड्यात आणि झुरळातही असते. त्यामुळे ज्याला धुळीचे वावडे आहे, त्याच्या रक्तात सुंगटांची तपासणी निष्कारण होकारार्थी येऊ शकते. तो गृहस्थ जन्मभर सुंगटांची हुमण जेवत आला असेल आणि त्याला काहीच होत नसेल, तर केवळ कागदावरून त्याच्या ताटातली सुंगटे काढून घेणे हा शुद्ध अन्याय आहे. ट्रोपोमायोसिन शिजवल्याने, वाळवल्याने नष्ट होत नाही. भावाला सुक्या सुंगटांनी पाडले ते यामुळेच.

काही वावडी सावकाश प्रकट होतात आणि त्यांचा आयजीईशी संबंध नसतो. काजूच्या कारखान्यात बियांच्या टरफलाचे तेल हाताला लागून कातडी उतते. बिब्ब्याने अंग उतते. आंब्याच्या चिकाने ओठांच्या कडा फुटतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत. (आपल्याकडे ओल्या काजूगरांनाही बिब्बे म्हणतात, पण मी म्हणतो तो बिब्बा म्हणजे धोबी कपड्यांवर खुणा करीत असत तो.) टिकलीचा डिंक, केसांचा काळा रंग, खोट्या दागिन्यांतील निकेल, शेतातले गाजरगवत, ही सारी याच जातीची. यांच्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवतात. ही पद्धत योजेफ यादासोन यांनी १८९५ साली सुरू केली. पट्ट्या ४८ तास ठेवून कातडी पाहतात आणि पुन्हा एकदोन दिवसांनी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. वैशाखात आपल्याकडे हे कसे साधावे, ते ज्याचे त्याने ठरवावे. काजूच्या तेलाने हात उतणाऱ्याला काजूगराचे वावडे असेलच असे नाही. दोन्हींची कारणे निराळी आणि तपासण्याही निराळ्या.

बांगड्याविषयी एक शब्द बोलल्याशिवाय पुढे जाणे अशक्य आहे. 'मला बांगड्याची अ‍ॅलर्जी आहे', असे सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. बांगडा, कुपा हे मासे पकडल्यावर वेळेवर बर्फात गेले नाहीत, तर त्यांच्या मांसातील हिस्टिडीन नावाच्या घटकापासून जिवाणू हिस्टामिन तयार करतात. वावड्यात शरीर आपल्या आतून जे हिस्टामिन सोडते, तेच इथे माशातून बाहेरून येते. त्यामुळे तासाभरात चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, जुलाब होतात. तळल्याने, शिजवल्याने किंवा गोठवल्याने ते जात नाही आणि कित्येकदा माशाला वासही येत नाही. हे वावडे नव्हे, ही विषबाधा होय. ओळखण्याची खूण अशी की त्याच टोपलीतले बांगडे जेवलेल्या आणखी दोघाचौघांना तोच त्रास झालेला असतो. अशा माणसाची तपासणी नकारार्थी येते आणि ताजा बांगडा तो खुशाल खाऊ शकतो. जुन्या गृहिणी कल्ले उचलून, डोळे पाहून मासळी घेत. त्यांचे चुकत नव्हते, पण आता मासळी किती तास बर्फावाचून होती हेही विचारले पाहिजे.

आता न सोसण्याच्या तपासण्या. दुधातील लॅक्टोज नावाची साखर पचवणारा पाचकरस बालपणानंतर जगातील बहुसंख्य माणसांत कमी होत जातो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या तावडीत सापडते, वायू होतो, पोट फुगते. त्या वायूतील हायड्रोजन रक्तावाटे फुफ्फुसात येऊन श्वासातून बाहेर पडतो. म्हणून उपाशीपोटी मोजून लॅक्टोज पाजतात आणि पुढचे दोनतीन तास ठराविक वेळाने नळीत फुंकर मारायला लावतात. हायड्रोजन मूळ प्रमाणापेक्षा दशलक्षांत वीस भागांनी वाढला की लॅक्टोज नीट पचत नाही असे समजतात. सुई नाही, रक्त नाही. दूध न सोसणाऱ्याला दही-ताक बहुधा चालते, कारण विरजणातील जिवाणूंनी थोडी साखर आधीच खाल्लेली असते. साजूक तुपात तर ती नाममात्रच असते. याउलट ज्याला दुधाचे खरे वावडे आहे, त्याला दहीही चालत नाही आणि पंचामृताचा थेंबही नाही. तपासणीने हा भेद कळला नाही, तर एकावर अन्याय होतो आणि दुसऱ्याच्या जिवाला धोका.

गव्हाचा विकार या दोन्ही खणांत नीट बसत नाही. सिलिएक नावाच्या रोगात गव्हातील ग्लुटेनमुळे संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर झिजवते. हॉलंडमधील डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धातील दुष्काळात, तेथे पाव मिळेनासा झाला तेव्हा अशी आजारी मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा बिघडली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. या रोगासाठी रक्ताची विशिष्ट तपासणी आहे आणि निश्चितीसाठी बहुधा आतड्याचा सूक्ष्म तुकडा पाहतात. अट एकच की तपासणीच्या वेळी माणूस गहू खात असला पाहिजे. गहू सोडला की खुणा पुसल्या जातात. माझ्या नातीचा गहू पाच महिने बंद होता. त्यामुळे ही शंका फेडण्यासाठी तिला पुन्हा काही आठवडे रोज चपाती खाऊ घालून मग रक्त द्यावे लागले. सुदैवाने तसे काही निघाले नाही.

मग तो ३७ तांबड्या पदार्थांचा कागद कसला होता? पणजीच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही शेवटी गेलो, त्यांनी तो हातात घेतला आणि विचारले, "काका, या मुलीला नारळ खाऊन कधी काही झाले आहे का?" मी म्हटले, "नाही, जन्मापासून खाते आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तो तांबडा आला." त्या तपासणीत आयजीई मोजलेले नव्हते, 'आयजीजी' मोजलेले होते. आपण जे जे वरचेवर खातो, त्या त्या पदार्थाविरुद्ध निरोगी माणसाच्याही रक्तात आयजीजी असते. ते हजेरीपत्रक आहे. कोण आले, कोण गेले, एवढेच त्यावरून कळते. हजेरीपत्रकात नाव आहे म्हणून कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ साली आणि कॅनडातील तज्ज्ञ संस्थेने २०१२ साली, अन्नाचे वावडे किंवा न सोसणे ठरवण्यासाठी ही तपासणी वापरू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही ती विकली जाते. आणि तिच्या किमतीत एका घराचा महिन्याचा वाणसामान भरला असता, हे मी सांगितलेच पाहिजे. केसांवरून, बोटांना तारा लावून किंवा हातातील जोर पाहून वावडे सांगणारेही आहेत. त्यांच्या पद्धतींना कसलाच आधार नाही.

बाईंनी तासभर केवळ प्रश्न विचारले. पोट कधी दुखते, काय खाल्ल्यावर, किती वेळाने, किती खाल्ल्यावर, दह्याने दुखते का, शाळेला सुटी असली तर दुखते का. मग एकच तपासणी सांगितली, ती श्वासाची. श्रींसमोर कळ्यांचा प्रसाद लावताना आपण काय करतो, ते आठवा. मनात एक स्पष्ट प्रश्न धरून गाऱ्हाणे घालतो. दोनशे प्रश्न एकदम घालून कोणी उजवा-डावा पाहत नाही. तपासणीचेही तसेच आहे. मनात प्रश्न नसताना दोनशे पदार्थांची झडती घेतली की कुठेतरी काहीतरी सापडतेच.

इतके करूनही शंका राहिली तर शेवटचे न्यायालय म्हणजे प्रत्यक्ष खाऊन पाहणे. रुग्णालयात, इंजेक्शन हाताशी ठेवून, आधी कणभर, मग ठराविक वेळाने वाढवत वाढवत तो पदार्थ देतात. संशय मनाचा असेल तर पदार्थ दुसऱ्यात लपवून देतात आणि कोणत्या दिवशी खरा दिला हे रोग्याला किंवा देणाऱ्यालाही ठाऊक नसते. अन्नाच्या वावड्याची यापेक्षा भरवशाची तपासणी अद्याप नाही. हा प्रयोग घरी मात्र कदापि करू नये. 'एकदा थोडे खाऊन बघ, काही होत नाही', हे वाक्य आपल्या घराघरांत प्रेमाने उच्चारले जाते. माझ्या भावाला लग्नघरी ते मीच म्हटले होते.

पथ्य निष्कारण लादण्यातही हानी असते. लंडनमध्ये वावड्याचा धोका अधिक असलेल्या ६४० बालकांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तान्हेपणापासून ज्यांना नियमितपणे शेंगदाण्याचे पदार्थ दिले त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याचे वावडे सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. तत्पूर्वी अशा मुलांपासून शेंगदाणे दूर ठेवा, असाच सल्ला दिला जात असे. (अख्खा दाणा तान्ह्या मुलाच्या घशात अडकतो, म्हणून तो कुटून किंवा पातळ करूनच द्यायचा असतो. आणि ज्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे.)

तपासणीच्या टेबलावरून आता मी पुन्हा पंगतीकडे येतो. समितीपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. समाराधनेच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी एक फळा लावावा आणि कोणत्या पदार्थात दूध, काजू, शेंगदाणे, तीळ, गहू, हरभरा आहे ते खडूने लिहावे. आपल्या मणगण्यात नारळाचा रस, चण्याची डाळ आणि काजू असतात, गाईचे दूध नसते, हे किती जणांनी लक्षात घेतले होते? माझ्या नातीला जे एकमेव गोड निर्वेध चालले असते, तेच आम्ही तिला नाकारले. दुसरे, कोणी 'नको' म्हटले तर वाढप्याने आग्रह करू नये आणि शेजाऱ्याने प्रसादाचा अपमान म्हणून त्याकडे पाहू नये. कपाळाला लावून बाजूला ठेवलेले तीर्थही श्रींना पोचते, असे आमचे भटजी म्हणतात, आणि मला ते पटते. तिसरे, खाल्ल्यावर कोणाचे ओठ-जीभ सुजली, आवाज बदलला, श्वास लागला किंवा घेरी आली, तर आमसूल आणि खाजेची गोळी यांत वेळ दवडू नये. १०८ ला फोन करावा, त्याला आडवे निजवून पाय उंच करावे (श्वास लागला असेल तर टेकून बसू द्यावे), उभे करून चालवू नये, आणि अ‍ॅड्रेनलिन ज्या आरोग्य केंद्रात आहे तेथे ताबडतोब न्यावे. उत्सवाच्या दिवसांत ते जवळच्या केंद्रात उपलब्ध आहे की नाही, हे समितीने आदल्या आठवड्यात विचारून ठेवावे. चिटणीसांना हवे असेल तर ते पत्र मी लिहून देतो. पत्रे लिहिण्याची सवय अजून सुटलेली नाही.

फळा मी आज बरोबर आणला आहे, तो अग्रशाळेच्या दारात टेकवून ठेवला आहे. माझी नात आज आतल्या पंगतीत, डावीकडून तिसऱ्या पानावर बसणार आहे. खीर वाढणाऱ्यांनी तिला गाळावे आणि मणगणे वाढणाऱ्यांनी दोनदा थांबावे, एवढी त्यांना विनंती आहे.